शुद्ध हेतु आणि स्वच्छ हात

मनुष्याच्या कृत्याचा न्याय त्याच्या हेतूवरून करावा कीं परिणामावरून करावा, हा प्रश्न फार जुना आहे. पंडितांनीं त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत; पण तो केवळ पंडितांचा प्रश्न नव्हे. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतहि तो नित्य उभा राहतो. कोणाच्या हातून कांहीं अनिष्ट घडलें कीं शेजारी म्हणतात, "बिचाऱ्याचें मन स्वच्छ होतें, मग त्याला बोल कां लावावा?" हें बोलणें दयेचें आहे, आणि पुष्कळ प्रसंगीं तें न्यायाचेंहि असतें. परंतु मन स्वच्छ असलें म्हणजे पुरे झालें काय? ह्या प्रश्नाची परीक्षा करण्यास तान्ह्या मुलांच्या आजारासारखें दुसरें उदाहरण आम्हांस दिसत नाहीं. तान्ह्या मुलाचें वाईट व्हावें असें इच्छिणारा मनुष्य सहसा सांपडत नाहीं. आणि तरीहि तान्हीं मुलें पुष्कळदां प्रीति करणाऱ्यांच्याच हातून दगावलीं आहेत.

बांदा व त्याच्या आसपासच्या वाचकांस ही गोष्ट लांबची वाटूं नये. तेरेखोल नदीच्या कांठच्या ह्या गांवांतून आजारी मूल घेऊन निघालेले आईबाप सावंतवाडीस जातात, आणि दुखणें भारी असलें तर सरहद्द ओलांडून गोव्यांतील बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयांत जातात. मोठ्या रुग्णालयांत नवजात मुलांच्या वॉर्डाच्या दाराशीं नर्सबाई सर्वांस थांबविते. आजी, आत्या, मामा, शेजारी आणि भेटीस आलेला उपदेशक हे सारे बाहेर राहतात. आई तेवढी आंत जाते, आणि तीहि हात धुऊन. बाहेरचीं माणसें कुरकुरतात, "आम्ही काय मुलाचे वैरी आहों?" नाहीं, तीं वैरी नव्हेत. पण नर्सबाई त्यांच्या मनाविषयीं बोलतच नसते. ती त्यांच्या हातांविषयीं बोलत असते. मन आणि हात ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, हें समजण्यास जगाला फार मोठी किंमत द्यावी लागली आहे.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यांत डॉक्टर व वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी काम करीत. इ. स. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शंभरांमागें ११.४ बाळंतिणी मरण पावल्या, दुसऱ्यांत २.८. बायकांस हा भेद ठाऊक होता, आणि आपणांस पहिल्या विभागांत घालूं नये म्हणून त्या रडून विनवण्या करीत. तेथील तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस ह्यांस त्याचें कारण सांपडेना. पुढें १८४७ सालीं त्यांचे स्नेही प्रोफेसर कोलेच्का हे एका प्रेताच्या तपासणीच्या वेळीं सुरीची जखम होऊन वारले, आणि त्यांच्या दुखण्याचीं चिन्हें बाळंतिणींच्या ज्वरासारखींच दिसलीं. तेव्हां सेमेलवाइस ह्यांच्या ध्यानांत आलें कीं, डॉक्टर प्रेतें तपासून तसेच बाळंतिणींकडे जातात, आणि मरण त्यांच्याच बोटांवरून जातें. सुइणी प्रेतें तपासीत नसत. त्यांनीं क्लोरीन मिसळलेल्या चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. १८४८ सालीं पहिल्या विभागांतील मृत्यु शंभरांमागें १.३ वर आले.

इतकें उघड प्रमाण असतांहि पुष्कळ नामांकित डॉक्टरांनीं हें म्हणणें मान्य केलें नाहीं. कारणें अनेक होतीं. जंतूंचें ज्ञान तेव्हां झालें नव्हतें. सेमेलवाइस ह्यांनीं आपला ग्रंथहि १८६१ सालापर्यंत प्रसिद्ध केला नाहीं. परंतु एक कारण मनाचें होतें, आणि तेंच आमच्या विषयाशीं संबंध ठेवतें. जो डॉक्टर रात्रंदिवस रोग्यांची सेवा करितो, त्याला "तुझ्याच हातांनीं त्या मेल्या" असें कोणी म्हटलें तर तें त्यास ऐकवत नाहीं. तो आपल्या हेतूकडे बोट दाखवितो. हेतु खरोखरच चांगला असतो. म्हणूनच तो त्याच्या आड लपूं शकतो. दुष्ट मनुष्यास आपले हात पाहण्याची भीति वाटते ती शिक्षेमुळें; सज्जनास वाटते ती आपल्या सज्जनपणाची हानि होईल म्हणून. सेमेलवाइस ह्यांनीं स्वतःस त्यांतून वगळलें नाहीं. आपल्या हातूनहि कितीएक स्त्रिया अकालीं मरण पावल्या असतील, हें त्यांनीं उघड लिहिलें. १८६५ सालीं ते वेड्यांच्या इस्पितळांत वारले.

येथें तीन अवस्थांचा भेद स्पष्टपणें ध्यानांत घेतला पाहिजे. ज्याला ठाऊक नाहीं आणि ठाऊक होण्याचा मार्गहि नव्हता, त्याच्या हातून घडलेलें नुकसान मोठें असलें तरी त्याला आम्ही पापी म्हणूं शकत नाहीं. ज्याला कळलें आणि तरी आळसानें किंवा बेपर्वाईनें जो तसाच वागतो, त्याचा दोष सांगावयास नको. परंतु ह्या दोहोंच्या मध्यें एक तिसरा आहे. ज्याला कळूं शकतें, पण कळलें तर आपण चुकलों असें ठरेल म्हणून जो कळून घेत नाहीं, तो तिसरा मनुष्य. आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न ह्याचाच आहे. अज्ञान हा दोष नव्हे. अज्ञान जपून ठेवणें हा दोष आहे.

आतां आपल्या घरांकडे वळूं. पूर्वीं बाळंतपणें घरींच होत. सुईण, जिला आपल्या कोंकणांत वैजीण म्हणतात, ती बहुधा प्रेमळ व अनुभवी बाई असे. मध्यरात्रीं पावसांतून चालत येई, आणि मोबदला म्हणून थोडे तांदूळ व एखादें लुगडें घेई. पण नाळ कापण्यास जें हत्यार हाताशीं असेल तें घेतलें जाई, आणि कित्येक प्रांतांत कापलेल्या नाळेवर शेण किंवा राख लावण्याची चाल होती. माती व शेण ह्यांत धनुर्वाताचे जंतु राहतात. मूल पहिले दोन दिवस चांगलें पीत असे. मग एकाएकीं त्याचा जबडा मिटे, अंग ताठ होई, आणि तें जाई. लोक म्हणत, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणत, देवाची इच्छा. वैजिणीच्या मनांत काळेंबेरें नव्हतें; विळ्यावर मात्र होतें. गरोदर स्त्रियांस लस टोंचणें, स्वच्छ पात्याचा उपयोग आणि रुग्णालयांतील बाळंतपणें ह्यांच्या योगानें हा रोग इतका हटला कीं, हजार जन्मांमागें एकाहूनहि कमी अशी त्याची स्थिति प्रत्येक जिल्ह्यांत आल्याचें २०१५ सालीं ठरविण्यांत आलें. जें मरण देवाच्या माथीं मारलें जात होतें, तें एका स्वच्छ पात्यानें व दोन सुयांनीं टळलें. म्हणून मुलाच्या मृत्यूस देवाची इच्छा म्हणण्याची घाई करूं नये. आधीं आपले हात पाहावे.

परंतु आपले हात पाहावयाचे कसे? डोळ्यांनीं जंतु दिसत नाहींत. त्यास एकच उपाय आहे, तो हा कीं मोजावें. आपल्या महाराष्ट्रांतच ह्याचें थोर उदाहरण घडलें आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्या दांपत्यानें १९८६ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत 'सर्च' ही संस्था स्थापिली. जंगलाचा व दारिद्र्याचा तो मुलूख. तेथें जन्मलेल्या हजार मुलांपैकीं सुमारें ६० एका महिन्याच्या आंत मरत. बंग दांपत्यानें प्रथम मोठी इमारत बांधून यंत्रें आणिलीं नाहींत. गांवोगांव जन्म व मृत्यु ह्यांची नोंद त्यांनीं चालू केली. मग ३९ गांवांतून थोडें शिक्षण झालेल्या बायका निवडून त्यांस तान्ह्या मुलाची काळजी घेण्यास शिकविलें. त्यांस आरोग्यदूत असें नांव दिलें. साबणानें हात धुणें, मुलास ऊब देणें, चीक टाकून न देतां पहिल्या तासापासून अंगावर पाजविणें, वजन करणें, ताप पाहणें, हें त्यांचें काम. मुलाचें रडणें क्षीण झालें, त्यानें पिणें सोडलें, अंग गार पडलें किंवा तापलें, बेंबींतून पू आला, छाती आंत ओढूं लागली, अशा ठरलेल्या चिन्हांपैकीं दोन एकत्र दिसलीं म्हणजे रक्तांत जंतु शिरले असें त्या समजत. आईबापांस रुग्णालयांत जाण्याचा सल्ला त्या देत. ते जाण्यास तयार नसले तर त्यांच्या संमतीनें घरींच जंतुनाशक औषधाची सुई टोंचीत.

परिणाम काय झाला तो १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या प्रसिद्ध वैद्यक साप्ताहिकांत छापला गेला. ह्या उपचारापूर्वीं जंतुसंसर्ग झालेल्या १६३ मुलांपैकीं शंभरांमागें १६.६ दगावलीं होतीं. उपचार सुरू झाल्यावर ७१ मुलांपैकीं २.८. तिसऱ्या वर्षीं ह्या ३९ गांवांत पहिल्या महिन्यांतील मृत्यु हजारांमागें २५.५ झाले. तुलनेसाठीं ४७ गांव अलग ठेविले होते. तेथें ते ५९.६ राहिले. वाचकहो, क्षणभर थांबून ह्या दोन आंकड्यांचा विचार करा. त्या ४७ गांवांतील आयांचें प्रेम कमी होतें काय? त्यांनीं नवस कमी केले, रात्रीं कमी जागविल्या, अश्रु कमी गाळिले? प्रेम दोन्हीकडे सारखेंच होतें. भेद होता तो ज्ञानाचा, साबणाचा, आणि दाराशीं वेळेवर येणाऱ्या एका शिकविलेल्या बाईचा. हेतु पुरेसा नाहीं ह्याचें ह्याहून बोलकें प्रमाण आम्हांस ठाऊक नाहीं.

पण येथेंच एक कठीण आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कोणी म्हणेल, "त्या ४७ गांवांचें काय? तेथील मुलांस तुलनेसाठीं तसेंच ठेवणें हें न्यायाचें झालें काय? शिवाय तान्हें मूल संमति देऊं शकत नाहीं. मग त्याच्यावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणास?" हा प्रश्न मुलाविषयींच्या कळकळीचा आहे, आणि त्याचें उत्तर कळकळीनेंच दिलें पाहिजे.

प्रथम हें पाहा कीं, तो उपचार चालू झाला तेव्हां त्याचा गुण कोणास ठाऊक नव्हता. खेड्यांतल्या बाईनें तान्ह्या मुलास सुई टोंचावी ही गोष्ट अनेक जाणत्यांस धोक्याची वाटत होती. तिच्या हातून मुलें वांचतील कीं मरतील हें आधीं सांगतां येत नव्हतें. अशा स्थितींत सर्व गांवांस ती सुई देणें ही दया झाली नसती. तो सर्वांवर केलेला, पण हिशेब न ठेविलेला, प्रयोग झाला असता. जो वैद्य तपासून न पाहतां औषध देतो तो प्रयोग करीत नाहीं असें आपण समजतों. खरें पाहतां तोहि रोज प्रयोगच करितो. मात्र त्याच्या प्रयोगाचा निकाल कधीं लागत नाहीं, आणि त्यांत मेलेलें मूल कोणत्याहि वहींत लिहिलें जात नाहीं.

ह्याचें एक भयंकर उदाहरण आफ्रिकेंतलें आहे. तीव्र तापानें ज्यांचें रक्ताभिसरण मंद झालें आहे अशा मुलांस शिरेंतून झपाट्यानें सलाइन देणें ही सर्वमान्य रीति होती. श्रीमंत देशांतील रुग्णालयांत ती चाले, आणि गरीब देशांतील मुलांस ती मिळत नाहीं म्हणून हळहळ व्यक्त होई. युगांडा, केनिया व टांझानिया येथें ३,१४१ मुलांवर तिची परीक्षा झाली, आणि २०११ सालीं निकाल बाहेर आला. ज्यांस झपाट्यानें सलाइन दिलें त्यांतील शंभरांमागें सुमारें १०.५ मुलें ४८ तासांत मरण पावलीं. ज्यांस तसें दिलें नाहीं त्यांतील ७.३. हा भेद दिसतांच तें संशोधन मुदतीपूर्वीं थांबविण्यांत आलें. तपासणी झाली नसती, तर त्या मुलुखांत आजहि ती बाटली प्रेमानें लावली गेली असती, आणि मुलें गेल्यावर डॉक्टर म्हणाले असते, "आम्हीं शक्य तें सर्व केलें."

तथापि एवढ्यानें आक्षेप पूर्णपणें मिटला असें आम्ही म्हणत नाहीं. तुलनेच्या गांवांत जीं मुलें गेलीं तीं आंकडे नव्हतीं. प्रत्येकास आई होती. त्यांच्या मृत्यूंतून जें ज्ञान मिळालें तें आपल्या मुलांस उपयोगी पडलें, म्हणून आपण त्यांचे ऋणी आहों. हें ऋण मान्य करणें हीच संशोधनाच्या नीतीची सुरुवात आहे. ह्या ऋणामुळेंच मुलांवरील संशोधनास कांहीं मर्यादा घातल्या पाहिजेत. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे त्याची मुलांवर पुन्हां परीक्षा करूं नये. आईबापांस त्यांच्या भाषेंत, त्यांस समजेल असें सांगून संमति घ्यावी. आणि नाहीं म्हणणाऱ्याच्या मुलास उपचारांत कांहीं कमी पडूं देऊं नये. हित अथवा अहित स्पष्ट दिसतांच थांबावें. आणि ज्या गरिबांच्या मुलांनीं जोखीम सोसली, त्यांस फळ मिळाल्याशिवाय तें श्रीमंतांच्या घरीं नेऊं नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०१७ सालीं ह्याविषयीं जे नियम प्रसिद्ध केले त्यांत आईबापांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारहि घेण्यास सांगितलें आहे. गडचिरोलीच्या ज्ञानाचें फळ गरिबांपर्यंत पोहोंचलें हें समाधानाचें आहे. २०११ सालापासून भारत सरकारनें घरोघरीं नवजात मुलांची काळजी घेण्याचें काम आशा सेविकांकडे दिलें. आज बांद्याच्या वाडीवाडींतून जी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशीं बाळाचें वजन करावयास येते, तिच्या पिशवींत त्या गांवांचें ऋण असतें. तिला दारांतून परतवूं नये.

रुग्णालयांचीहि परीक्षा संपलेली नाहीं. दिल्लींतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ ह्या काळांत अतिदक्षता कक्षांत दाखल झालेल्या १३,५३० नवजात मुलांची पाहणी झाली. त्यांतील शंभरांमागें सुमारें १४ मुलांस रक्ताचा जंतुसंसर्ग झाला, आणि त्यांपैकीं बहुतेकांस जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच. जे जंतु सांपडले त्यांतील पुष्कळांवर अनेक औषधें चालेनाशीं झालीं होतीं. म्हणजे जेथें आपण मूल वांचविण्यास नेतों, तेथेंहि हात, नळी, पाट व खाट ह्यांवरून मरण हिंडतें. सेमेलवाइस ह्यांचा धडा पावणेदोनशें वर्षांनंतरहि पुरता शिकून झालेला नाहीं.

येथें नर्सबाईंवर खापर फोडणें सोपें आहे. पण तें न्यायाचें नव्हे. एका बाईकडे जेव्हां मावतील त्याहून अधिक मुलें सोंपविलीं जातात, एका पाळण्यांत दोन मुलें निजवावीं लागतात, नळास पाणी नसतें, तेव्हां हात न धुण्याचा दोष तिच्या एकटीचा राहत नाहीं. ज्यांनीं पाणी द्यावयाचें, माणसें नेमावयाचीं, पैसा मंजूर करावयाचा, त्यांचे हातहि त्या पाळण्यापर्यंत पोहोंचतात. आणि जे आपण मत देतों व मग विचारीत नाहीं, त्यांचेहि. हेतूची शुद्धता ही एकेकट्याची असते. हातांची स्वच्छता ही बहुधा सर्वांची मिळून असते. म्हणून ती अधिक कठीण आहे.

आतां आमच्या वाचकांनीं, विशेषतः उपदेशक बंधूंनीं, ह्यांतून काय घ्यावें? आजाऱ्यास भेटणें हें आपलें कर्तव्य आहे. पण एका खाटेवरच्या रोग्याचा हात धरून त्याच हातानें दुसऱ्या खाटेवरच्या मुलाच्या मस्तकास स्पर्श करणें हें कर्तव्य नव्हे. आधीं साबणानें हात धुवावे, मग आशीर्वाद द्यावा. आपणांस सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर बाळंतिणीच्या घरीं न जाणें हीच त्या दिवसाची प्रीति समजावी. दाराबाहेरून केलेली प्रार्थना कमी मोलाची होत नाहीं. बाळाचे मुके घेऊं नयेत. मध, गुटी किंवा वरचें पाणी बोटानें चाटवूं नये. बेंबीस कांहींहि लावूं नये. ती कोरडी ठेवावी. मुलानें पिणें सोडलें किंवा तें निपचित पडलें, तर "उद्यां पाहूं" म्हणून रात्र काढूं नये. साध्या पडशास डॉक्टरांकडे जंतुनाशक औषधाचा आग्रह धरूं नये; ज्या औषधाचा असा अपव्यय होतो तें दुसऱ्याच्या मुलास गरजेच्या वेळीं उपयोगी पडत नाहीं. आणि आपल्या मुलास एखाद्या संशोधनांत घेण्याविषयीं कोणी विचारलें, तर भिऊन पळूं नये व मान खालीं घालून अंगठाहि उठवूं नये. शांतपणें विचारावें: काय ठाऊक नाहीं म्हणून हें करितां? मुलास धोका कोणता? नाहीं म्हटलें तर उपचार तोच मिळेल काय? निकाल लागल्यावर आम्हांस सांगाल काय? जो सरळ उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

प्रीति मोठी आहे ह्यांत संशय नाहीं. तिच्याशिवाय त्या आरोग्यदूत बायका रात्रीं अपरात्रीं दुसऱ्याच्या मुलासाठीं उठल्या नसत्या, आणि मोजणी करणाऱ्यांनींहि मेलेल्या मुलांची वही उघडली नसती. परंतु प्रीति खरी आहे कीं नाहीं ह्याची एक कसोटी आहे. "तुझ्या हातून ह्याचें वाईट झालें" असें दाखविलें असतां जी रागावते, ती स्वतःवरच प्रीति करीत असते. जी तें ऐकून खालीं पाहते, हात धुते आणि पुन्हां त्याच मुलाकडे जाते, ती मुलावर प्रीति करीत असते. आपली कोणती आहे हें प्रत्येकानें पाण्याच्या घंगाळापाशीं उभें राहून स्वतःस विचारावें.